टोकियो डिस्नेलँडमधले कर्मचारी, आणि तुमच्या आठवणीतले पार्कवाले

समुद्रकाठ

टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या मराठी घरांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. भारतातून आईबाबा किंवा सासूसासरे आले की फुजी, आसाकुसा आणि टोकियो डिस्नेलँड. डिस्नेलँड जिथे आहे ते माईहामा इथून इतकं जवळ आहे की पाहुण्यांना तिकडे नेण्याचं काम आपसूकच आपल्याकडे येतं. बरेच पाहुणे फिरवून झाल्यावर मला एक गोष्ट ठामपणे वाटायला लागली आहे. परत गेल्यावर ही मंडळी फोनवर जे सांगत राहतात, त्यात राइड फार थोड्या असतात. 'तो झाडूवाला मुलगा', 'ती बाळाची गाडी उचलून देणारी', 'टोपी शोधून आणणारे काका' असंच सगळं असतं.

माझे सासरे शाळेत चित्रकला शिकवायचे. गर्दीला कंटाळून ते एका बाकावर बसले होते. समोर पांढऱ्या गणवेशातला एक सफाई कर्मचारी आला, त्याने झाडू पाण्यात बुडवला आणि चार-पाच फटकाऱ्यांत फरशीवर मिकी काढला. इथे हे नेहमी दिसतं. सफाईवाले पाण्याने चित्रं काढतात, पानगळीच्या दिवसांत पडलेली पानं लोटून त्यांचीही काढतात. सासरे उठून जवळ गेले आणि खुणेनेच विचारलं, कान आधी की चेहरा? त्या मुलाला मराठी येत नव्हतं, यांना जपानी. त्याने शेजारच्या कोरड्या फरशीवर तेच चित्र पुन्हा पहिल्यापासून काढलं, एकेका रेघेनंतर थांबत. सासऱ्यांनी ते खिशातल्या डायरीत उतरवलं. मुलाने डायरी पाहिली आणि कंबरेत वाकून नमस्कार केला. त्या दिवशी ज्या राइडसाठी आम्ही सगळ्यात जास्त वेळ रांगेत उभे होतो, तिचं नावही सासऱ्यांना आज सांगता येणार नाही.

इथल्या सफाईवाल्यांना 'काय गोळा करताय?' असं विचारलं, तर 'ताऱ्यांचे तुकडे' असं उत्तर मिळतं, तेही अगदी मनापासून. माझ्या मुलीने विचारलं होतं. पुढचा सगळा दिवस ती खाली पडलेले कागदाचे कपटे उचलून त्यांच्याकडे पोहोचवत होती.

हे फक्त त्या त्या माणसाच्या स्वभावावर सोडलेलं नाही. त्यामागे एक पद्धत आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. १९५५ मध्ये अमेरिकेत अनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं, तेव्हा कर्मचाऱ्यांना शिकवायचं काम व्हॅन फ्रान्स यांच्याकडे होतं. त्यांनी सुरू केलेल्या शिकवणीतून पुढे चार गोष्टींचा एक क्रम रूढ झाला: सुरक्षितता, सौजन्य, देखावा (म्हणजे सादरीकरण), कार्यक्षमता. अलीकडे त्यात सर्वांना सामावून घेण्याची पाचवी गोष्ट आली. यातला क्रम महत्त्वाचा आहे. दोन गोष्टींची टक्कर झाली की वरची गोष्ट जिंकते. रांग लांबलेली आहे, पण एक मूल घाबरून रडतंय, तर राइड चालवणाऱ्याने काय करायचं? सौजन्य कार्यक्षमतेच्या वर आहे. म्हणजे थांबायचं. त्यासाठी साहेबाला विचारायला जावं लागत नाही.

टोकियोचं पार्क १५ एप्रिल १९८३ ला उघडलं. अमेरिकेबाहेरचं हे पहिलं डिस्नेलँड. ते चालवते ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी, डिस्नेच्या परवान्याखाली. पार्कात आपल्याला भेटणारे बहुतेक कर्मचारी अर्धवेळ काम करणारे, त्यात कॉलेजची मुलं भरपूर. या मुलांची खरी परीक्षा ११ मार्च २०११ ला झाली. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा डिस्नेलँड आणि शेजारचं डिस्नेसी मिळून सुमारे ७०,००० लोक आत होते. दुकानांतल्या मुलामुलींनी शेल्फवरची विक्रीची मऊ खेळणी उचलली आणि लोकांच्या हातात दिली, डोक्यावर धरा म्हणून. पाऊस आला तेव्हा वस्तू भरून द्यायच्या प्लास्टिक पिशव्या आणि पुठ्ठे वाटले. दुकानातला खाऊ वाटला. रेल्वे बंद पडल्या होत्या. सुमारे २०,००० लोकांनी ती रात्र पार्कातच काढली. पाहुण्यांना पडद्यामागचं काही दिसू द्यायचं नाही, हा इथला कडक नियम. त्या रात्री तोही बाजूला ठेवून लोकांना कर्मचाऱ्यांच्या वाटेने सुरक्षित इमारतींकडे नेलं.

दुकानात उभ्या असलेल्या त्या मुलीने 'हा माल आहे, याचे पैसे कोण देणार?' असा विचार करण्यात एक मिनिटही घालवलं नाही. वर्षभर आपत्तीच्या कवायती होत असतात, त्यामुळे काय करायचं हे माहीत होतं. आणि क्रमात सुरक्षितता पहिली, त्यामुळे केलेलं चुकीचं ठरणार नाही ही खात्रीही होती. एरवी झाडूने मिकी काढून दाखवणारा मुलगा आणि ही मुलगी एकाच शिकवणीतून आलेले आहेत असं मला वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. कुठल्याही देशातले, कुठल्याही पार्कमधले. आपल्याकडचे तर नक्कीच.

---

गोराईची_लाँच

फार छान लिहिलंय. ताऱ्यांचे तुकडे आज रात्री लेकाला सांगणार.

माझी आठवण एस्सेलवर्ल्डची. ते सुरू झालं १९८९ ला, आणि आमच्या शाळेची सहल नव्वदच्या दशकात तिथे गेली. लाँचने खाडी ओलांडायची, तिथूनच मजा सुरू. मला उंचीची प्रचंड भीती होती. सगळ्या मैत्रिणी रोलर कोस्टरच्या रांगेत आणि मी कुंपणापाशी दप्तरं सांभाळत. तिथे ड्यूटीवर असलेले काका होते. त्यांनी मला 'घाबरतेस काय' वगैरे म्हटलं नाही. 'इथे उभी राहा, मी सांगतो कधी कोण ओरडणार' असं म्हणाले. गाडी कुठल्या वळणावर आली की मुली किंचाळतात, कुठे गप्प होतात, कुठे हसतात, हे त्यांना पाठ होतं. ते बोट वर करायचे आणि बरोबर त्याच क्षणी आरोळी यायची. मी पोट धरून हसत होते. मैत्रिणी खाली आल्या तेव्हा मीच त्यांना सांगत होते की तुम्ही कुठे किंचाळलात.

मी त्या राइडमध्ये बसले नाही, तरी ती राइड माझी झाली.

---

अनवाणी

धागा आवडला, पण एक शंका. जपानमध्ये दुकानात, स्टेशनवर, बँकेत सगळीकडेच लोक नम्र असतात ना? मग यात पार्कच्या शिकवणीचं कौतुक किती आणि जपानी संस्कृतीचं किती?

---

समुद्रकाठ

@अनवाणी, प्रश्न रास्त आहे. इथे राहून मला जे दिसतं ते सांगते.

जपानमधली नेहमीची दुकानदारी नम्र असते, पण ती नेमून दिलेल्या वाक्यांची असते. आत शिरलं की 'इराश्शाइमासे' (या, स्वागत आहे) असा पुकारा होतो. त्यावर गिऱ्हाइकाने काही बोलायचं नसतं, कोणी बोलतही नाही. टोकियो डिस्नेलँडमध्ये कर्मचारी 'कोन्निचिवा' (नमस्कार) म्हणतात. त्याला समोरचा 'कोन्निचिवा' म्हणून उत्तर देऊ शकतो, आणि मग दोन शब्द पुढे बोलता येतात. हे मुद्दाम ठरवलेलं आहे.

दुसरं असं की बाहेर नियमाबाहेरची साधी विनंती केली तरी समोरच्याची पंचाईत होते. 'यातलं मांस काढून द्याल का?' हा आपल्या शाकाहारी मंडळींचा रोजचा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी अतिशय नम्रपणे नकार मिळतो. पार्कातही सगळं बदलून मिळतं असं नाही, शाकाहारी पदार्थ मोजकेच आहेत. पण माझ्या आईसाठी एका मुलीने घटकांची यादी आणली, एकेका पदार्थावर बोट ठेवत मासा कशात आहे ते दाखवलं, आणि शेवटी नुसता भात नि उकडलेला मका चालेल का विचारलं. आईला तो भात अजून आठवतो. नम्रता संस्कृतीतून आली असेल, पण ही खटपट करायची मुभा तिला कोणीतरी दिलेली होती.

---

नऊवारीतली_नात

ऑरलँडोहून लिहितेय. इथलं डिस्नेवर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलेलं, म्हणजे आमच्या आईच्या लग्नाच्या आसपासचं. आजी आमच्याकडे आली तेव्हा तिला घेऊन गेलो. आजी कायम नऊवारीत, दुसरं काही नेसत नाही. होडीच्या एका संथ राइडमध्ये बसताना मला पदराचीच काळजी होती. तिथली ऑपरेटर बाई, वयाने आमच्या आईएवढी, पुढे आली. आजीला हात जोडून नमस्कार केला, आणि पदराकडे बोट दाखवून स्वतःच्या कंबरेपाशी खोचल्यासारखं करून दाखवलं. आजीने पदर खोचला. बाईंनी एकदा नीट पाहिलं, मग आजीचा हात धरून तिला होडीत उतरवलं. मागे लोक थांबले होते, पण त्यांची घाई आजीपर्यंत पोहोचू दिली नाही. उतरताना तीच बाई पुन्हा हजर.

इथे छातीवरच्या बिल्ल्यावर पहिलं नाव आणि गावाचं नाव असतं. आजीने मला ते वाचायला लावलं. दूरच्या कुठल्यातरी राज्यातलं गाव होतं. 'एवढ्या लांबून आलीये कामाला?' असं म्हणत आजीने पिशवीतली राजगिऱ्याची वडी काढून तिला दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली. गावाचं नाव बिल्ल्यावर असणं ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. अनोळखी माणसाशी बोलायला आपल्या लोकांना आधी गावच लागतं.

डिस्नेवर्ल्डमधल्याच एप्कॉट या पार्कमध्ये तर वेगवेगळ्या देशांची दालनं आहेत आणि तिथे त्या त्या देशातून आलेली तरुण मुलं काम करतात. जपानच्या दालनात जपानहून आलेली, नॉर्वेच्या दालनात नॉर्वेहून. त्यांना त्यांच्या गावाबद्दल विचारून बघा. चेहरे उजळतात.

---

स्पष्टवक्ता_सातारा

सगळं गोडगोड चाललंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मला ती तितकीच महत्त्वाची वाटते.

दिवसभर हसत राहणं हे श्रमाचं काम आहे. घरी कोणी आजारी असो, पाय सुजलेले असोत, समोरचा पर्यटक उद्धट असो, चेहरा प्रसन्न हवा. त्यातून जाड पोशाखात मिकी-मिनी होऊन उन्हात उभं राहणारे कलाकार. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या याच पात्रं करणाऱ्या आणि मिरवणुकीतल्या कलाकारांनी मे २०२४ मध्ये युनियनसाठी मतदान केलं. ९५३ विरुद्ध २५८. वेतन, कामाच्या वेळा, पोशाखांची स्वच्छता, सुरक्षितता असे त्यांचे मुद्दे होते. एवढ्या मोठ्या फरकाने लोक युनियन मागतात, तेव्हा त्यांच्या हसण्याची किंमत त्यांना पुरेशी मिळत नव्हती असाच अर्थ मी लावतो.

आपण 'किती गोड मुलगी होती' म्हणून घरी येतो. तिला बसायला खुर्ची होती का, पाणी प्यायला सुट्टी मिळत होती का, हे आपण कधी विचारतो?

---

लॅपबार

@स्पष्टवक्ता_सातारा, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी खास लॉगिन केलं. मी राइड ऑपरेटर म्हणून काम केलेलं आहे, महाराष्ट्रातल्याच एका पार्कमध्ये. नाव लिहीत नाही. आता वेगळ्या क्षेत्रात आहे. पण त्या कामावर माझं प्रेम होतं आणि आहे.

लोकांना वाटतं ऑपरेटर म्हणजे बटण दाबणारा. सकाळी गेट उघडायच्या आधी आमचं काम सुरू व्हायचं. मेंटेनन्सवाले तपासून गेले की राइड रिकामी फिरवायची, आवाज ऐकायचा, प्रत्येक सीटचा लॅपबार (मांडीवर अडकवायचा दांडा) हाताने ओढून बघायचा, रजिस्टरवर सही करायची. मग दिवसभर उंची मोजायची, चष्मे-चपला-मोबाइल काढून घ्यायचे, बार लावायचा, ओढून बघायचा, अंगठा दाखवायचा, गाडी सोडायची. पुन्हा तेच.

आता समुद्रकाठ यांनी जो क्रम सांगितला त्याबद्दल. आमच्याकडे सुरक्षितता पहिली होती, त्यात तडजोड नव्हती. पण दुसऱ्या नंबरवर सौजन्य नव्हतं. दुसऱ्या नंबरवर तासाला किती फेऱ्या सुटल्या तो आकडा होता. शनिवार-रविवारी सुपरवायझर मागे उभा राहायचा. रांगेतून शिट्ट्या. अशा वेळी एखादं मूल बसल्यावर रडायला लागलं, तर तुमच्या हातात काही सेकंद असतात. त्यात त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं की बार ओढून पुढे सरकायचं? मी बोलायचो. त्याबद्दल ऐकूनही घेतलं. पण सगळ्यांनी ते ऐकून घ्यावं अशी अपेक्षा कशी करायची? बारा तास उभं राहिलेल्या, वीस-बावीस वर्षांच्या पोराने?

मग एक नवे मॅनेजर आले. त्यांनी एकच बदल केला. गर्दीच्या दिवशी प्रत्येक मोठ्या राइडवर एक जास्तीचा माणूस दिला आणि त्याला मशीनजवळ काही काम दिलं नाही. त्याने फक्त रांगेत फिरायचं. मुलांची उंची रांगेच्या सुरुवातीलाच मोजायची, म्हणजे तासभर उभं राहून दारात परत पाठवायची वेळ येणार नाही. घाबरलेल्यांना आधीच हेरायचं, म्हाताऱ्यांना सावलीत घ्यायचं, किती वेळ लागेल ते खरं सांगायचं. आणि दर दोन तासांनी आमच्यातल्या एकाला बसवायचं. आम्ही तेच होतो, पगारही तोच होता, हसायला कोणी वेगळं शिकवलं नाही. पण भांडणं कमी झाली. आम्ही लोकांशी बोलायला लागलो. संध्याकाळी लोक जाताना हात करायला लागले. फेऱ्याही कमी झाल्या नाहीत, कारण दारात वाद घालण्यात जाणारा वेळ वाचला.

---

गोराईची_लाँच

@लॅपबार, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा. रांगेच्या तोंडाशी उंची मोजण्याचं महत्त्व प्रत्येक आईला माहीत आहे.

---

समुद्रकाठ

@लॅपबार, मनापासून आभार. नेमकं हेच मला म्हणायचं होतं आणि ते तुम्ही आतून सांगितलंत.

टोकियोत बिग थंडर माउंटन या रोलर कोस्टरला किमान उंची १०२ सेंटिमीटर लागते. माझी लेक तेव्हा तेवढी नव्हती. तिथल्या मुलीने मोजपट्टीपाशी गुडघ्यावर बसून तिला पट्टी दाखवली, दोघींनी मिळून राहिलेलं अंतर बोटांनी मोजलं, आणि 'एवढी वाढलीस की मला भेटायला ये' असं सांगितलं. लेक रडली नाही. घरी भिंतीवर १०२ ची रेघ मारून झाली.

@स्पष्टवक्ता_सातारा, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. इथे दोन प्रथा आहेत, त्या सांगते. कर्मचारी एकमेकांना कौतुकाची कार्डं लिहितात. सहकाऱ्याचं चांगलं वागणं पाहिलं की कार्डावर लिहून द्यायचं, आणि त्यातून दरवर्षी काहींचा गौरव होतो. दुसरी म्हणजे 'थँक्स डे'. एका संध्याकाळी पार्क फक्त अर्धवेळ कर्मचाऱ्यांसाठी खुलं ठेवतात, आणि वरचे अधिकारी त्या दिवशी गणवेश घालून त्यांचं स्वागत करतात, राइडवर उभे राहतात, खाणं वाढतात. याने पगाराचा प्रश्न सुटत नाही, हे खरंच. पण ज्याला स्वतःला वर्षातून एक दिवस पाहुणा म्हणून वागवलं गेलंय, त्याला पाहुण्याला काय वाटतं ते सांगावं लागत नाही.

---

शांत_कोपरा

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, दहा वर्षांचा. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. आमच्यासारख्या घरांना पार्कमध्ये जाणं म्हणजे आधी आठवडाभर तयारी. आवाज, गर्दी, रांगेतली अनिश्चितता, यातलं काहीही त्याला झेपत नाही.

एक प्रसंग सांगते. मिरवणूक अचानक जवळून गेली आणि मुलगा कान झाकून जमिनीवर बसला. लोक बघत होते. एक कर्मचारी आला. त्याने मला काही विचारण्याआधी स्वतः जमिनीवर बसकण मारली, मुलापासून थोड्या अंतरावर, त्याच्याकडे न बघता. काही वेळ नुसता बसून राहिला. मग हळू आवाजात, मुलाला उद्देशून म्हणाला की या भिंतीमागे एक जागा आहे, तिथे आवाज कमी असतो, तुला यायचं असेल तर मी वाट दाखवतो. मुलाने मान हलवली. बहुतेक लोक अशा वेळी माझ्याशी बोलतात, 'याला काय हवंय?' असं विचारतात, जणू तो तिथे नाहीच. हा माणूस त्याच्याशी बोलला. मी इतकी वर्षं डॉक्टरांना, शिक्षकांना, नातेवाइकांना हेच समजावत आले आहे.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांमध्ये अशा मुलांसाठी रांगेत उभं न राहता वेळ घेऊन परत येण्याची सोय आहे. २०२४ मध्ये त्याचे नियम बदलले. आता ती प्रामुख्याने ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे आणि त्यासाठी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं. हा कॉल घरूनच करून जा. दारात गेल्यावर धावपळ नको.

---

अनवाणी

@शांत_कोपरा, वाचून डोळे भरून आले. लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

---

पावसाळी_चप्पल

आपल्याकडच्या वॉटर पार्कांबद्दल एक खंत लिहू का? मी आईला आणि मावशीला एका वॉटर पार्कला घेऊन गेले होते. पाण्यात नायलॉनचा पोशाख लागतो हे आम्हाला तिकीट काढताना कोणी सांगितलं नाही. दोघी सलवार-कमीजमध्ये पाण्यात उतरल्या, आणि जीवरक्षकाने लांबून जोरात शिट्टी वाजवून, सगळ्यांदेखत 'ए मावशी, बाहेर निघा' असं ओरडून सांगितलं. मावशी त्यानंतर पाण्याजवळ गेली नाही. दिवसभर टॉवेल घेऊन बसून होती.

नियम चुकीचा नाही. सुती कपडा पाण्याने जड होतो, घसरगुंडीत अडकू शकतो, हे मला कळतं. पण साठीच्या बाईला ते कसं सांगायचं?

---

लॅपबार

@पावसाळी_चप्पल, वाईट वाटलं वाचून. मावशींना माझा नमस्कार सांगा.

शिट्टी हे जीवरक्षकाचं धोक्याचं साधन आहे. पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू जात नाही, म्हणून ती असते. ती कपड्यांसाठी वाजवायची नसते. कपड्यांचं काम तिकीट खिडकीवर आणि लॉकरपाशीच संपलं पाहिजे. त्यातूनही कोणी उतरलंच, तर पोशाख देणाऱ्या काउंटरवरच्या बाईने जवळ जाऊन, हळू आवाजात, 'ताई, यात तुम्हाला घसरगुंडीवर त्रास होईल, या माझ्याबरोबर, पूर्ण बाह्यांचा आहे आपल्याकडे' एवढंच सांगायचं. मी दोन्ही प्रकार पाहिलेत. दुसऱ्या प्रकारात बायका हसत बदलून येतात आणि संध्याकाळपर्यंत पाण्यातून निघत नाहीत.

बहुतेक जीवरक्षक मुलं आसपासच्या गावांतली, पोहण्यात पटाईत. घरच्या मावशीशी ती असं कधीच बोलणार नाहीत. पाण्याकाठी कोणाशी कसं बोलायचं, हे भरतीच्या वेळी त्यांना सांगितलं गेलेलं नसतं. ते सांगायला एक सकाळ पुरते.

---

स्पष्टवक्ता_सातारा

@लॅपबार, तुमचे प्रतिसाद वाचून एक विनंती. आमच्यासारख्या लोकांनी पार्कमध्ये काय करावं, म्हणजे समोरच्या माणसाचा दिवस जरा बरा जाईल? पैसे देऊ करणं मला प्रशस्त वाटत नाही.

---

नऊवारीतली_नात

मी इथलं सांगते. डिस्नेवर्ल्डच्या अॅपमध्येच कर्मचाऱ्याचं कौतुक नोंदवायची सोय आहे. बिल्ल्यावरचं नाव आणि गाव टाकायचं, काय झालं ते दोन ओळींत लिहायचं. मी आजीच्या वेळी लिहिलं होतं. गाव लिहायचा मोठा फायदा म्हणजे एका नावाची बरीच माणसं असली तरी गोंधळ होत नाही.

---

समुद्रकाठ

टोकियोत गेस्ट रिलेशन्सच्या काउंटरवर जाऊन सांगता येतं. जपानी येत नसेल तरी अडत नाही, इंग्रजी बोलणारं कोणीतरी असतं. सासऱ्यांनी तर डायरीतल्या त्या पानाचा फोटो काढून दिला होता, 'हे कुणी शिकवलं ते त्यांना कळू दे' म्हणून.

---

लॅपबार

@स्पष्टवक्ता_सातारा, आपल्याकडे पैसे देऊ नकाच. पोरांना ते घ्यायची परवानगी नसते आणि कोणी पाहिलं तर नोकरीवर येतं. बाहेर पडताना अभिप्रायाचा फॉर्म किंवा क्यूआर कोड असतो, तो खरोखर वाचला जातो. आमच्याकडे सकाळच्या ब्रीफिंगमध्ये नाव घेऊन वाचायचे, आणि पगारवाढीच्या वेळी फाइलमध्ये ते कागद असायचे. तक्रारींचा गठ्ठा जाड असायचा आणि कौतुकाचे कागद मोजके, त्यामुळे एकेका कागदाला वजन होतं. 'स्टाफ चांगला आहे' असं मोघम लिहू नका, त्याचा कोणालाच उपयोग होत नाही. बिल्ल्यावरचं नाव, राइड आणि साधारण वेळ लिहा. नाव वाचायचं राहून गेलं असेल तरी चालेल, राइड आणि वेळेवरून ड्यूटी चार्टमध्ये माणूस सापडतो.